मृतदेहाची ओळख डीएनएवरून कशी पटते? डॉ. लालजी सिंह यांच्या कामातून समजून घ्या

12 जून 2025 रोजी अहमदाबादमध्ये एअर इंडियाचं विमान कोसळलं. 260 जणांचा मृत्यू झाला. अनेक मृतदेह चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते. नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन, डीएनए जुळवून ते ताब्यात देण्यात आले. भारतात हे तंत्र रुजवण्याचं मोठं श्रेय डॉ. लालजी सिंह यांना जातं.

सुरुवात सापापासून

सापांमध्ये नर-मादी कसं ठरतं, यावर लालजी सिंह संशोधन करत होते. पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएमध्ये त्यांना पुन्हा पुन्हा येणारा एक क्रम सापडला. असा क्रम माणसातही असतो. त्याच्याच आधारे 1988मध्ये हैदराबादच्या 'सीसीएमबी' संस्थेत त्यांनी स्वदेशी डीएनए फिंगरप्रिंटिंग तंत्र विकसित केलं.

1995च्या दिल्लीतील तंदूर हत्याकांडात जळालेला मृतदेह कोणाचा, हेच आधी सिद्ध करायचं होतं. आई-वडिलांच्या रक्ताशी डीएनए जुळला आणि ओळख पक्की झाली.

'जुळला' म्हणजे काय?

आता पद्धत बदलली आहे. डीएनएमध्ये ठरावीक जागी छोटे तुकडे सलग अनेकदा येतात. किती वेळा, हे माणसागणिक बदलतं. प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. समजा, मृताचे आकडे 12 आणि 15 आहेत. मग आईकडे 12 आणि वडिलांकडे 15 किंवा याच्या उलट असायला हवं. अशा सुमारे 20 जागा तपासतात.

मृतदेह जळाला असेल तर दात किंवा मांडीचं हाड उपयोगी पडतं. दाताच्या कठीण आवरणामुळे आतला डीएनए तुलनेनं सुरक्षित राहतो.

कोणाचा नमुना लागतो?

आई-वडील किंवा मुलं सर्वांत उत्तम. ते नसतील तर सख्खी भावंडं. पती-पत्नीत रक्ताचं नातं नसल्यानं फक्त त्यांच्या नमुन्यावरून ओळख पटत नाही. मृताचा टूथब्रश किंवा कंगवाही कामी येतो, त्यामुळे घरातल्या अशा वस्तू लगेच धुऊ किंवा टाकू नका.

लालजी सिंह यांचं 2017मध्ये निधन झालं. तंत्र आज खूप पुढे गेलंय, पण एक गोष्ट तीच आहे. तुलनेसाठी नमुनाच नसेल, तर प्रयोगशाळेत डीएनए मिळूनही मृतदेह बेवारसच राहतो. म्हणून घरातलं कुणी बेपत्ता असेल, तर पोलिसांकडे तक्रार करतानाच डीएनए नमुन्याबद्दल नक्की विचारा.