घरच्या ओसरीवरील प्रकाशलेखन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत हस्तकौशल्याची वाण नाहीं. आरमोरी-नागभीडकडील टसर, भद्रावतीचीं मातीचीं भांडीं, बुरुडांचीं सुपें व टोपल्या यांचा लौकिक आहेच. शिवाय लेखा-मेंढा गांवच्या ग्रामसभेकडे आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार २०११ सालीं आला. पण माल तयार झाला म्हणजे विकला गेला असें नव्हे. आज गिऱ्हाईक पुण्यामुंबईस बसून मोबाइलवर वस्तूचें चित्र पाहतें व त्यावरूनच ती पारखतें.

आमची एक माजी विद्यार्थिनी टसरच्या साड्या व बांबूच्या टोपल्या विकते. ‘‘गुरुजी, कॅमेरा कोणता घेऊं?’’ असें तिनें विचारलें, तेव्हां ‘‘महाग असेल तो चांगला’’ असें सांगून आम्ही मोकळे झालों. तिनें बचतगटाचें कर्ज काढून कॅमेरा घेतला. घरकाम आटोपल्यावर रात्रीं पिवळ्या दिव्याखालीं चित्रें काढलीं. मधाच्या रंगाची साडी चित्रांत हळदीसारखी दिसली. ती प्रत्यक्ष हातीं पडतांच गिऱ्हाइकानें परत पाठविली. टपालखर्च तिच्या माथीं बसला, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहींत. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आमच्या उपदेशाचा होता. त्याचें प्रायश्चित्त म्हणून आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचें सार येथें देत आहों.

‘फोटोग्राफी’ या शब्दाचा विग्रहच पाहा. ग्रीक भाषेंतील पहिलें पद प्रकाशवाचक, दुसरें लेखनवाचक. सर जॉन हर्शेल यांनीं १८३९ सालीं हा शब्द रूढ केला. तेव्हां लेखणीआधीं शाई पाहावी, तसा कॅमेऱ्याआधीं उजेड पाहावा. जुन्या छायाचित्रकारांच्या स्टुडिओंत उत्तरेकडे मोठी कांच असे, कारण तो उजेड सौम्य व स्थिर असतो. आपल्या घरची उत्तरेची खिडकी तेंच काम फुकट करते. मात्र चंद्रपूर सुमारें २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळें मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हींचा सूर्यही किंचित् उत्तरेकडे असतो. तेव्हां खिडकीस पातळ पांढरें धोतर लावावें.

वस्तु अशी ठेवावी कीं खिडकी तिच्या बाजूस येईल. समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला म्हणजे छाया सौम्य होते. खालून मागपर्यंत एकच पांढरा कागद वळवून लावल्यास कोपऱ्याची रेघ दिसत नाहीं. बांबूची वीण तिरप्या उजेडांत उठून दिसते.

आतां खरेदीचा क्रम. पहिला खर्च तिपाईचा. हात हलला कीं चित्र बिघडतें; म्हणून मोबाइल तिपाईवर बसवून २ सेकंदांच्या टायमरनें चित्र घ्यावें. १२ मेगापिक्सेलच्या चित्रांत सुमारें ४००० × ३००० बिंदु असतात. पडद्यावर दाखविण्यास त्याच्या निम्मी लांबीरुंदीही पुरते. म्हणून नातवानें बाजूस टाकलेला मोबाइलही पुष्कळदां कामास येतो.

दुसरा खर्च दिव्यांचा, तोही पावसाळ्यांतील अंधारासाठीं. ५००० ते ५५०० केल्विनचे, एकाच जातीचे दोन एलईडी दिवे घ्यावेत, वेष्टणावर सी. आर. आय. हा अंक ९० वा अधिक असावा, म्हणजे रंग खरे उमटतात. दिवे लावले कीं खिडकी झांकावी. दोन रंगांचे उजेड एकत्र आले कीं पांढराही पांढरा राहत नाहीं. दिव्याचें अंतर दुप्पट केलें तर उजेड चौथाई उरतो, हेंही ध्यानीं असावें.

कॅमेरा सर्वांत शेवटीं, तोही वापरलेला चालेल. मात्र आमच्याकडील पावसाळी दमट हवेनें भिंगास बुरशी धरते. विकत घेतांना भिंग उजेडासमोर धरून पाहावें व घरीं तें सिलिका जेलसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें.

त्यापूर्वीं स्थालीपुलाकन्यायानें एकच चित्र काढून वस्तूशेजारीं धरावें; रंग जुळला तरच पुढचीं काढावीं. चित्र हें गिऱ्हाइकास दिलेलें वचनच आहे.

आमच्या विद्यार्थिनीनें कॅमेरा विकला. आतां ती सकाळीं ओसरीवर मोबाइलनें चित्रें काढते. त्यानंतर एकही साडी रंगासाठीं परत आलेली नाहीं. कॅमेऱ्याच्या पैशांत कर्ज पुरतें फिटलें नाहीं. उरलेल्या रकमेंत आमचाही वाटा आहे, असें आम्ही समजतों. आणि तो दरमहा पेन्शनमधून देतों.