जीवनसाफल्य, ख्रिस्ती विचारातील

मानवी जीवन कशामुळे सफल ठरते, याविषयीचा ख्रिस्ती धर्मविचार. धन, कीर्ती, सत्ता वा दीर्घायुष्य यांवरून या विचारात जीवनाचे मोल ठरत नाही. ईश्वरावरील निष्ठा व तीतून घडणारी शेजाऱ्याची सेवा हे येथील निकष होत.

जुन्या करारात या बाबतीत दोन प्रवाह आढळतात. ‘अनुवाद’ या ग्रंथात आज्ञापालन करणाऱ्यास धान्य, गुरेढोरे व संतती यांच्या समृद्धीचे आश्वासन दिलेले आहे. याउलट ईयोबाच्या ग्रंथात नीतिमान पुरुषाचे सर्वस्व हिरावले जाते आणि दुःख हे पापाचेच फळ मानणारे त्याचे मित्र अखेरीस चुकीचे ठरतात. येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीत बाह्य यशाचे माप आणखी दुय्यम ठरले. नवी कोठारे बांधण्याचे बेत करणाऱ्या धनिकाला त्याच रात्री मृत्यूचे बोलावणे येते, हा दृष्टान्त (लूक १२) संचयाची निरर्थकता दाखवितो. चाकरांवर सोपविलेल्या द्रव्याच्या दृष्टान्तात (मत्तय २५) पाचाचे दहा करणारा व दोनाचे चार करणारा या दोघांची धनी सारखीच प्रशंसा करतो. द्रव्य पुरून ठेवणारा मात्र दोषी ठरतो. म्हणजे प्राप्तीच्या परिमाणापेक्षा विश्वासूपणा महत्त्वाचा. तथापि निष्क्रियता त्याज्यच होय. स्वतः ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यू लौकिक दृष्ट्या अपयशच होता. पुनरुत्थानावरील श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोक त्यालाच विजय मानतात.

व्यवहारात हा निकष नेहमीच टिकला असे नाही. व्यवसायातील यश हे ईश्वरी निवडीचे चिन्ह मानण्याची वृत्ती कॅल्व्हिनपंथीयांत वाढली आणि तिने भांडवलशाहीच्या वाढीस पोषक मनोवृत्ती घडविली, असे प्रतिपादन माक्स वेबर याने १९०४–०५ मध्ये केले. विसाव्या शतकात अमेरिकेत श्रद्धेचे फळ म्हणून संपत्ती व आरोग्य यांची हमी देणारी शिकवणही पसरली. अनेक ख्रिस्ती धर्मचिंतकांनी तिच्यावर टीका केली आहे.

महाराष्ट्रात या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे जीवन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे आप्तांचा आधार तुटला व पत्नी लक्ष्मीबाई यांचाही काही वर्षे वियोग घडला. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. दरबाराला स्थायी रूप येऊ शकले नाही. ख्रिस्तायन हे महाकाव्यही अपुरे राहिले व ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

हाती घेतलेले कार्य पूर्णत्वास जाणे हे साफल्याचे गमक मानल्यास टिळकांचे जीवन अपुरे ठरेल. ख्रिस्ती विचारानुसार मात्र फळ ईश्वराच्या हाती असते व माणसाकडे फक्त निष्ठा मागितली जाते. मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची पदे आजही गायली जातात.