व्हिसा का अडतो?

अमेरिकेला जायचे ठरले की पैशांची जमवाजमव होते, लाडू-लोणची बांधून होतात आणि सारे घर व्हिसापाशी येऊन थांबते. मग तर्कांना ऊत येतो. साहेबाची मर्जी फिरली असेल, कागदात खोट निघाली असेल, कुणी चुगली केली असेल! खरे कारण बहुधा इतके चुरचुरीत नसते. आपण जिला एक रांग समजतो, त्या वास्तविक तीन रांगा असतात.

पहिली रांग मुलाखतीची. मार्च २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेने जगभरची व्हिसाची नित्याची कामे बंद ठेवली. पुढे तुंबलेले अर्ज एकदम लोटले. अधिकारी मात्र मोजकेच. २०२२ साली मुंबईत पर्यटकाला मुलाखतीची तारीख दोन वर्षांनंतरची मिळू लागली. या रांगेतला अर्ज कुणी नाकारलेला नसतो. तो अजून कुणी वाचलेलाच नसतो.

दुसरी रांग तपासणीची. पर्यटक वा विद्यार्थी कायमचा राहायलाच निघाला आहे, असे अमेरिकेचा १९५२ चा कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे पटवून द्यायचे अर्जदाराने. ते पटले तरी नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. ११ सप्टेंबर २००१ चे हल्लेखोर व्हिसा घेऊनच देशात शिरले होते. तेव्हापासून ही चाळणी फार बारीक झाली. आपले नाव दुसऱ्याच कुणाच्या नोंदीशी जुळले, किंवा संशोधनाचा विषय शस्त्रास्त्रांच्या जवळचा निघाला, की प्रकरण वॉशिंग्टनला जाते. तिकडचे उत्तर येईपर्यंत मुंबईच्या अधिकाऱ्याचे हात बांधलेले! अर्जदाराच्या हाती पडते ती ‘२२१-जी’ कलमाची चिठ्ठी. कायद्याच्या भाषेत तो नकारच. परंतु राहिलेला कागद दिला वा तपासणी पुरी झाली की निर्णय बदलू शकतो.

तिसरी रांग कायमच्या वास्तव्याची, आणि तीच सर्वांत निष्ठुर. अमेरिकन नागरिकांच्या भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा. शिवाय अशा मर्यादित व्हिसांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांपुरताच. देश चिमुकला असो की भारताएवढा, माप एकच! म्हणून भावाचा अर्ज मंजूर होऊनही इकडे बहिणीला पंधरा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. तोवर तिची शाळकरी मुले एकवीस वर्षांची होऊन तिच्या अर्जातून गळूही शकतात.

तेव्हा व्हिसा अडला, तर आपण कोणत्या रांगेत आहोत हे आधी पाहावे. पहिलीत कुणी सोडलेली तारीख लवकर मिळू शकते, लक्ष ठेवावे. दुसरीत मागितलेला कागद तत्काळ द्यावा. तिसरीत दरमहा निघणारे व्हिसा बुलेटिन वाचावे आणि धीर धरावा. मात्र व्हिसा हाती पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि राहते घर तर मुळीच विकू नये.