'व्यावसायिकदृष्ट्या' म्हणजे नेमकं काय? हा एक शब्द काय काय बदलतो?

"सिनेमा चांगला होता, पण व्यावसायिकदृष्ट्या चालला नाही." असं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. इथे सिनेमाच्या दर्जाबद्दल काहीच म्हटलेलं नाही. गुंतवलेला पैसा वसूल झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द कसा तयार झाला?

'व्यवसाय'वरून 'व्यावसायिक' आणि त्याला जोडून 'दृष्ट्या', म्हणजे 'दृष्टीने'. हे क्रियाविशेषण आहे आणि ते सलग लिहितात. 'व्यवसायिक' आणि 'दृष्टया' ही दोन्ही रूपं चुकीची आहेत.

गोंधळ कुठे होतो?

मराठीत 'व्यावसायिक' हा शब्द दोन अर्थांनी येतो. 'व्यावसायिक अभ्यासक्रम' म्हणजे पेशाचं शिक्षण, तर 'व्यावसायिक वापर' म्हणजे कमाईसाठी केलेला वापर. त्यामुळे "फोटो व्यावसायिकदृष्ट्या काढलेत" हे वाक्य अर्धवट वाटतं. फोटो सफाईदार आहेत की विकण्यासाठी काढलेत, ते कळत नाही. अशा वेळी 'सफाईने' किंवा 'विक्रीसाठी' असं सरळ लिहिलेलं बरं.

फरक का पडतो?

कारण वस्तू तीच असली तरी वापर बदलला की नियम बदलतात.

- गॅस : घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा, तर हॉटेलसाठीचा 19 किलोचा. घरचा सिलिंडर वडापावच्या गाडीवर लावला तर कारवाई होऊ शकते.
- गाडी : खासगी कारची नंबरप्लेट पांढरी, टॅक्सीची पिवळी. पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.
- सरोगसी : 2021 च्या कायद्याने व्यावसायिक सरोगसीवर बंदी आहे. सरोगेट आईला वैद्यकीय खर्च आणि विमा देता येतो, मोबदला नाही.

सोशल मीडियावर काय?

इंटरनेटवरच्या काही फोटोंवर 'नॉन-कमर्शियल' अशी अट असते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ही अट असेल, तर वापर प्रामुख्याने व्यावसायिक फायद्यासाठी किंवा पैशांसाठी नसावा लागतो. म्हणजे तो फोटो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये चालेल, पण साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत चालणार नाही. मग ते दुकान घरातून चालणारं, इन्स्टाग्रामवरचं छोटंसं का असेना.

त्यामुळे कुठलाही फोटो पोस्टमध्ये टाकण्याआधी एक प्रश्न विचारा : यातून कमाई करायची आहे का? उत्तर 'हो' असेल, तर परवाना आधी वाचा.