जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक पाइप : लोखंड, तांबे की क्युप्रोनिकेल?

वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस हल्ली वाढली आहे. घरात फियाट असेल, स्टँडर्ड हेराल्ड असेल, किंवा एखाद्या भाग्यवंताकडे ट्रायम्फ स्पिटफायरसारखी दोन आसनी स्पोर्ट्स कारही असेल. स्पिटफायर १९६२ साली इंग्लंडमध्ये आली. तिची चासी हेराल्डच्याच चासीवरून बेतलेली होती आणि ती हेराल्ड आपल्याकडे मद्रासला तयार होत असे. त्यामुळे पुढे सांगितलेले दोन्ही गाड्यांच्या मालकांना उपयोगी पडेल.

अशा कामात रंग, क्रोम आणि सीट यांवर मन मोकळे करून खर्च होतो. ब्रेकचे पाइप गाडीखाली असतात, कोणाला दिसत नाहीत, म्हणून ते शेवटी आठवतात. आमचे म्हणणे असे, की पाइपाचा निर्णय रंगाच्या आधी व्हावा.

कारण सरळ आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोहोचवते. टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. जोरात ब्रेक मारल्यावर या नळ्यांत तो १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. नळी असते जेमतेम ४.७५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा ३/१६ भाग जाड, आणि तिची भिंत सुमारे ०.७ मिलिमीटर. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असे. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाते आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो. अशीरगडचा घाट उतरताना असे झाले तर काय होईल, हे बुऱ्हाणपूरकरांना वेगळे सांगायला नको.

आता पर्याय पाहू.

पहिला, लोखंडी म्हणजे स्टीलची नळी. कारखान्यातून गाड्यांना बहुधा हीच येई. पोलादी पत्रा दोन वेढ्यांत गुंडाळून तांब्याने जोडलेली ही दुपदरी नळी भक्कम आणि स्वस्त असते. गाडी मुळाबरहुकूम ठेवायची असेल तर हीच योग्य. दोष एकच : गंज. बाहेरून पावसाळ्यातला चिखल क्लिपांखाली साचतो आणि नळी नेमकी तिथेच, नजरेआड सडते. म्हणून साधी न घेता गंजरोधक लेप असलेली घ्यावी.

दुसरा, तांब्याची नळी. फ्रिज-एसीच्या दुकानात ती सहज मिळते, हाताने वाकते, चकाकतेही छान. मोह इथेच होतो आणि तो टाळावा. तांबे सतत हादरे बसून कडक होत जाते आणि नटाजवळच्या पसरट तोंडाशी त्याला चीर पडते. एसीच्या नळीतला दाब साधारण २० बारच्या घरात असतो, ब्रेकचा त्याच्या कितीतरी पट. एसीवाल्यांचे हत्यार नळीचे तोंड एकेरी पसरते. ब्रेकला मात्र दुहेरी दुमडलेले तोंड लागते.

तिसरा, क्युप्रोनिकेल. यात सुमारे ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल आणि किंचित लोह व मँगनीज असते. आमचा जन्म बँकेत गेला, म्हणून नाण्याचे उदाहरण सुचते. १९९२ पासून चाललेले ५ रुपयांचे जाड पांढरे नाणे याच कुळातले, फक्त त्यात निकेल २५ टक्के. ते नाणे किती हातांतून, किती घामातून फिरले, पण गंजलेले कोणी पाहिले नाही. ही नळी तांब्याइतकी नसली तरी हाताने नीट वळते, स्टीलच्या मानाने सहज फ्लेअर होते आणि हादरे तांब्यापेक्षा चांगले सोसते. व्होल्वोसारख्या कंपनीने १९७० च्या दशकापासून ती कारखान्यातच बसवली. पदरचे थोडे जास्त जातात, पण वापरायच्या गाडीसाठी आमचा कौल हिलाच.

चौथा, स्टेनलेस स्टील. गंजत नाही, पण इतके कडक की साध्या हत्याराने तोंड नीट बसत नाही आणि जोडावर झिरपते. अनुभवी कारागीर असेल तरच या वाटेला जावे.

नळी चांगली असूनही काम बिघडते ते जोडणीत. इंग्रजी गाड्यांत बहुधा ३/८ इंची आटे असतात, युरोपीय गाड्यांत १० मिलिमीटरचे. दोन्ही नट दिसायला भावंडे. इंची नट १० मिलिमीटरच्या भोकात ढिला बसतो, आवळलाही जातो, आणि दाब आला की आटे सोडतो. म्हणून जुना नट नमुना म्हणून नेल्याशिवाय नवा घेऊ नये. नळी करवतीने न कापता कटरने कापावी, कडेची कूस काढावी, आतून साफ करावी आणि तोंड पसरण्याआधी नट नळीत ओवून घ्यावा. सायलेन्सरपासून अंतर ठेवून दर फूटभरावर क्लिप लावावी. चाकाजवळचे रबरी होजही त्याच वेळी बदलावेत. ते आतून फुगून बुजतात आणि बाहेरून कळत नाही.

शेवटची गोष्ट ब्रेक ऑइलची. डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइले हवेतली ओल शोषतात. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश, ओल धरल्यावर मात्र १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळले तर नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. तीच ओल स्टीलची नळी आतून गंजवते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती रोजच्या वापरासाठी नसते. अशी गाडी वर्षातला बराच काळ उभीच असते. तेव्हा किलोमीटर मोजत न बसता दर २ वर्षांनी ऑइल बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात कधीही मिसळू नये.

काम झाल्यावर हवा काढून घ्यावी. मग एकाने पेडल २ मिनिटे घट्ट दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर गाडी शेडबाहेर काढू नये. हे काम ब्रेकच्या जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, मात्र कागद फिरवताना मालकाने स्वतः हजर राहावे.