रिकाम्या सिंहासनाचे मोल

१ डिसेंबर हा पोर्तुगालमध्ये राष्ट्रीय सुटीचा दिवस. १६४० साली याच दिवशी लिस्बनमधील काही सरदारांनी राजवाड्यात शिरून स्पेनच्या राजाची साठ वर्षांची सत्ता उलथून टाकली. गोमंतकीयांना या दिवसाचे सोयरसुतक असण्याचे कारण वरवर पाहता दिसत नाही. परंतु ज्या वारसाहक्काच्या प्रश्नातून ही साठ वर्षे निपजली, त्याची झळ मांडवीच्या मुखापर्यंत पोहोचली होती आणि मुंबईचे भवितव्यही त्याच ओघात ठरले. म्हणूनच त्या प्रकरणाचे स्मरण आम्हांस उचित वाटते.

राजा दों सेबास्तियांव ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील आल्कासेर-किबिरच्या रणांगणावर पडला. वय अवघे चोवीस. लग्न झालेले नाही, पाठीशी भाऊ नाही. गादी आली ती त्याच्या आजोबांच्या भावाकडे, वृद्ध कार्डिनल हेन्रीकडे. वंश चालविण्यासाठी धर्मव्रत सोडून विवाह करण्याची अनुज्ञा त्याने मागितली. पोपने ती दिली नाही. १५८० च्या जानेवारीत तोही निवर्तला. मग राजा मानुएलच्या नातवंडांत चढाओढ लागली. दों आंतोनियुला लोकांचा पाठिंबा होता, पण जन्म अनौरस. ब्रागांझाच्या डचेस कातारिनाचा हक्क बळकट, पण हाती फौज नाही. स्पेनचा दुसरा फिलिप मुलीच्या बाजूचा नातू; त्याच्यापाशी फौज होती. आल्कांताराच्या लढाईने वंशावळीचा वाद निकालात काढला.

पोर्तुगीज मुलुखाचा कारभार पोर्तुगिजांच्याच हाती राहील, असे वचन फिलिपने दिले. परंतु कारभार वेगळा राखता आला, तरी शत्रू वेगळे राखता येईनात. स्पेनविरुद्ध बंड करून उठलेले वलंदेज लिस्बनहून मसाले नेऊन उत्तर युरोपात विकत. ते बंदर त्यांना बंद होताच त्यांनी थेट पूर्वेची वाट धरली. त्यांच्यापैकी लिन्सखोतेन हा गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ या मार्गावरचा वाटाड्या ठरला. १६०२ साली वलंदेजांची कंपनी उभी राहिली. १६३६ पासून तर त्यांची जहाजे वर्षामागून वर्ष गोव्याच्या समुद्राची नाकेबंदी करू लागली. ज्या बंदराच्या वैभवाची कीर्ती युरोपभर पसरली होती, त्याच बंदरातून गलबत बाहेर काढणे जिवावरचे काम झाले.

१६४० मध्ये कातारिनाचा नातू दों जुआंव चौथा या नावाने गादीवर आला. पण गेलेले परतले नाही. १६४१ त मलाक्का, १६५६ त कोलंबो, १६६३ त कोची अशी एकेक ठाणी वलंदेजांनी घेतली. इकडे स्पेन नव्या राजाला मान्यता देईना. ती मिळण्यास १६६८ साल उजाडावे लागले. तोवर पाठीराखा हवा म्हणून १६६१ च्या तहाने राजकन्या कातारिनाचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि आंदणात मुंबई देण्यात आली. गोव्याच्या विजरईने शक्य तितकी चालढकल केली. अखेर १६६५ त बेट इंग्रजांच्या हाती पडले. तीनच वर्षांनी राजाने ते सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले!

या साऱ्या व्यवहारात माहीमच्या कोळ्याला वा तिसवाडीच्या कुळाला कोणी एका शब्दाने विचारले नाही. राज्य म्हणजे घराण्याची मिळकत. तिच्याबरोबर माणसेही वारसाने जायची, नाहीतर आंदणात. राजघराण्यांचा इतिहास रंजक खरा. परंतु तो मुकुटाखालून न वाचता बंदराच्या धक्क्यावरून वाचावा, असे आमचे मत आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी याच भूमीतील लोक आपल्या प्रदेशाचे भवितव्य ठरविण्यासाठी मतपेटीपुढे रांगेत उभे राहिले. कौल कोणाला रुचला, कोणाला रुचला नाही. पण कौल विचारला गेला, हे अंतर लहान नव्हे.