मालाचें नांव आणि अक्षराचा घाट

ज्या घरांत सोलापुरी चादर नाहीं असें घर आमच्या गांवांत विरळाच. ही चादर घडी घालून दुकानांत मांडली असतां गिऱ्हाइकाची नजर प्रथम कोठें जाते? सूत कसदार आहे कीं नाहीं, रंग पक्का आहे कीं कच्चा, हें त्यास चार वेळां धुतल्यावांचून कळावयाचें नसतें. म्हणून जें दिसतें त्यावरून तो न दिसणाऱ्या गुणांचा अंदाज बांधतो. आणि दिसतें तें लेबलावरील नांव. सोलापुरी चादरीस भौगोलिक संकेताचें संरक्षण मिळालेलें असूनही तिच्या नांवावर परगांवचा माल खपविला जातो. अशा वेळीं आपलें नांव आपण कोणत्या अक्षरांत लिहितों, ही केवळ हौसेची गोष्ट राहत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं माग चालतात. म्हणून उंची मालास शोभेल असें अक्षर कसें निवडावें, याचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रोमन अक्षरांकडे पाहूं, कारण या बाबतींतील आजची चाल बहुतांशीं तिकडूनच आली आहे. छापील रोमन अक्षराच्या उभ्या रेघेच्या टोंकाशीं पुष्कळदां लहानसे आडवे काप असतात. त्यांस सेरिफ म्हणतात. रोम शहरांत सम्राट ट्राजन याचा स्तंभ सुमारें इ. स. ११३ पासून उभा आहे. त्याच्या पायथ्याशीं असलेल्या लेखांत हे काप स्पष्ट दिसतात. छिन्नी चालविण्यापूर्वीं तीं अक्षरें चपट्या कुंचल्यानें रंगविलीं जात आणि कुंचल्याच्या वळणांतूनच हे काप उत्पन्न झाले, असें मत फादर एडवर्ड कॅटिच या अमेरिकन धर्मगुरूंनीं १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथें बोदोनी व पॅरिस येथें दिदो यांनीं उभी रेघ जाड आणि आडवी रेघ केसासारखी बारीक, असा टाइप काढिला. तो नीट उठण्यास गुळगुळीत कागद, उत्तम शाई व कुशल हात लागत. म्हणूनच तो घाट पाहतांच नजाकत व कसब यांची आठवण होते, आणि 'वोग' सारखीं फॅशनचीं मासिकें आजही त्याच घाटाचें शीर्षक मिरवितात.

देवनागरींत मात्र सेरिफ नाहीं. तिला शिरोरेघ आहे, आणि तिच्या अक्षरांचें सौंदर्य बोरूंतून आलेलें आहे. बोरूचें टोंक तिरपें कापलेलें असतें. त्यामुळें एका दिशेनें ओढलेली रेघ जाड व दुसऱ्या दिशेनें ओढलेली बारीक उमटते. हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूस असल्यामुळें जाड व बारीक भागांचीं स्थानेंही निराळीं पडतात. तेव्हां मराठी अक्षरास रोमन काप चिकटवून तें भारदस्त होत नाहीं. परक्याचा अंगरखा घातल्यासारखें दिसतें.

बोरूचें हें वळण शिशाच्या खिळ्यांत उतरविण्यास मोठी चिकाटी लागली. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं १८३० नंतरच्या वर्षांत मराठी अक्षरांचे ठसे कोरले. त्याच छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं टाइप ओतण्याचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या अक्षरांनीं निर्णयसागरचें नांव देशभर झालें. त्या अक्षरांवर नक्षी नव्हती, प्रमाणबद्धता होती.

आतां निवड कशी करावी? पहिली कसोटी कामाची. चादरीच्या काठावर जें नांव जॅकार्ड मागावर विणलें जातें, त्यांत रेघ धाग्याहून बारीक होऊं शकत नाहीं, व गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीं चढते. तेथें नाजूक रेघ तुटलेली दिसेल. म्हणून जाड व साधें अक्षर घ्यावें. कागदी लेबलावर नाजूक अक्षर शोभतें, परंतु तें मूळ आकारांत छापून, हातभर अंतरावर धरून वाचून पाहावें. दुसरी कसोटी रिकाम्या जागेची. लेबलाचा प्रत्येक कोपरा मजकुरानें भरणें हें बाजारी मालाचें लक्षण. नांवाभोंवतीं मोकळी जागा सोडली म्हणजे त्यास आपोआप मान मिळतो. तिसरी कसोटी जोडीची. मराठी व इंग्रजी नांवें शेजारीं यावयाचीं असल्यास दोहोंचें वजन सारखें दिसलें पाहिजे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'रोझा वन' या फॉन्टमध्यें दोन्ही लिप्या अतिशय ठळक जाड-बारीक भेदानें एकत्र रचलेल्या आहेत. तो मोठ्या शीर्षकास चांगला. बारीक मजकुरास 'तिरो देवनागरी मराठी' सारखा शांत फॉन्ट बरा.

चौथी कसोटी आमच्या गांवाच्या नांवांतच आहे. मराठींत पाकळीयुक्त 'ल' लिहितात, हिंदींत दंडयुक्त. तसेंच मराठी 'श' देठयुक्त असतो. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं हीं मराठी वळणें प्रमाण ठरविलीं. संगणकांत मात्र दोन्ही 'ल' साठीं एकच सांकेतिक क्रमांक आहे. कोणता घाट उमटेल, हें फॉन्टवर अवलंबून असतें. म्हणून कोणताही फॉन्ट घेण्यापूर्वीं त्यांत 'सोलापूर' हा एक शब्द लिहून पाहावा. 'ल' परका दिसला, तर फॉन्ट कितीही देखणा असो, तो आपल्या लेबलाचा नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, सुट्टींत एखादा बोरू कापून घ्या, हींच चार अक्षरें मोठीं लिहा, आणि घरांतील चादरीच्या लेबलाशीं ताडून पाहा. पालकांस आमची एवढीच विनंति, कीं पुढचें लेबल छापावयास देतांना मुलांसही जवळ बसवून घ्यावें. अक्षर हें मालाचें वचन होय. चादर पहिल्याच धुण्यांत रंग सोडूं लागली, तर सुंदर अक्षर तिला वांचवूं शकत नाहीं. परंतु विणकरानें प्रामाणिकपणें विणलेल्या चादरीचें नांव ओबडधोबड अक्षरांत छापणें, हाही त्याच्या मेहनतीवर अन्यायच आहे.